एअर फ्लो सेन्सर बदलायच्या आधी ईजीआर बंद करून बघा

डिझेल गाडीचा एअर फ्लो सेन्सर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) हा आमच्या धंद्यात सगळ्यात जास्त विनाकारण बदलला जाणारा पार्ट आहे, असं माझं मत आहे. गाडी ओढत नाही, स्कॅनर लावला, पी०१०१ हा कोड आला, टाका नवीन सेन्सर. ग्राहकाचे काही हजार जातात, दोन दिवस गाडी बरी वाटते (कोड पुसला की सगळ्याच गाड्या दोन दिवस बऱ्या वाटतात) आणि मग तोच पिवळा दिवा पुन्हा लागतो.

आमचं गॅरेज कोल्हापूरच्या बाहेर, हायवेच्या सर्व्हिस रोडला. इंजिन, टर्बो, पंप हे दादाचं काम. स्कॅनर, मल्टीमीटर आणि वायरिंग माझ्याकडे. आंबा घाट चढून कोकणातून आलेल्या गाड्या, उसाच्या सीझनमध्ये धुरळ्यात राबणाऱ्या गाड्या आणि इतर ठिकाणी दोनदा सेन्सर बदलून आलेल्या गाड्या, अशा तिन्ही तऱ्हा टेबलावर येतात. मी ज्या क्रमाने बघते तो इथे लिहिते. एक मल्टीमीटर, लाइव्ह डेटा दाखवणारा स्कॅनर आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर एवढं पुरतं. साधा ब्लूटूथवाला ओबीडी अडॅप्टरही बऱ्याच गाड्यांत चालतो, पण काही गाड्या हवेचा आकडा त्यावर दाखवत नाहीत. तिथे कंपनीचा किंवा चांगला मल्टिब्रँड स्कॅनर लागतो.

आणि आधी गाडीत हा सेन्सर आहे का तेवढं बघा. बऱ्याच जुन्या पिकअप आणि ट्रकांत तो नसतोच; तिथे इनटेकचं प्रेशर आणि तापमान यांवरूनच हवेचा हिशेब होतो. नसलेला सेन्सर शोधत बसलेली पोरं मी बघितली आहेत.

डिझेलमध्ये याचं काम काय

पेट्रोल इंजिनात थ्रॉटल हवा अडवतो आणि आलेल्या हवेच्या हिशेबाने पेट्रोल सुटतं. डिझेलचं उलटं. हवा बहुतेक वेळ मोकळी येते. पाय दाबला की वाढतं ते डिझेल. म्हणूनच सेन्सरचा कपलर (वायरचा जोड) काढला तरी डिझेल गाडी सुरू होते आणि चालतेही. मग तो बसवलाय कशाला?

पहिलं कारण ईजीआर, म्हणजे एक्झॉस्ट परत फिरवणारा व्हॉल्व्ह. नायट्रोजन ऑक्साइड कमी व्हावेत म्हणून हलक्या लोडला थोडा एक्झॉस्ट परत इनटेकमध्ये सोडतात. सिलिंडरमधली जागा तेवढीच असते, त्यामुळे जितका एक्झॉस्ट आत शिरला तितकी ताजी हवा कमी होते. परत आलेला एक्झॉस्ट थेट मोजण्याऐवजी ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ताजी हवा किती घटली ते बघतो. त्या स्पीडला, त्या लोडला ताजी हवा किती हवी याचा आकडा त्याच्याकडे ठरलेला असतो, आणि सेन्सर तो आकडा दाखवेपर्यंत तो ईजीआर उघडत-मिटत राहतो.

दुसरं कारण धूर. फुल पाय दाबल्यावर किती डिझेल सोडलं तर काळा धूर होणार नाही, हे आत आलेल्या हवेवरून ठरतं. हवा कमी दिसली की डिझेलला कात्री लागते.

या दोन गोष्टी डोक्यात पक्क्या बसल्या की लक्षणं पाठ करावी लागत नाहीत. सेन्सर खरी हवा असेल त्यापेक्षा कमी सांगत असेल, तर ईजीआर नको तेवढा मिटलेला राहतो आणि फुल लोडला डिझेल कापलं जातं. गाडीला दम नाही, पण धूरही नाही. चढाला दुसरा गियर टाकावा लागतो, मागे मात्र स्वच्छ. सेन्सर खऱ्यापेक्षा जास्त सांगत असेल, तर ईसीयूला वाटतं हवा भरपूर आहे. ईजीआर जास्त उघडतो, डिझेल जास्त सुटतं आणि गाडी काळं ओकते. इनटेकमध्ये काजळीचे थर बसतात, डीपीएफ (एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या गाडीत तो लवकर भरतो. ‘काळा धूर म्हणजे सेन्सर गेला’ हे वाक्य मला मान्य नाही ते याचमुळे. धूर नसतानाही तो गेलेला असू शकतो, आणि काळ्या धुराची दुसरी दहा कारणं आहेत.

आत काय असतं? एअर फिल्टर आणि टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) यांच्या मध्ये, बहुतेक गाड्यांत फिल्टर बॉक्सच्या तोंडाशी, एक प्लास्टिकची नळी आणि तिच्यात खुपसलेली पट्टी. पट्टीवर नखाएवढी सिलिकॉनची फिल्म. तिच्या मधोमध हीटर, अलीकडे-पलीकडे तापमान मोजणारे दोन बिंदू. बशीतला चहा फुंकल्यावर तुमच्या तोंडाकडची बाजू आधी निवते, तसं हवा ज्या बाजूने येते तो बिंदू थंड होतो. दोन्हीकडच्या तापमानातला फरक जितका जास्त तितकी हवा जास्त. उलट दिशेला जाणारी हवाही त्यावरून कळते. एवढी नाजूक फिल्म, आणि तिच्यावर काय काय येऊन बसतं ते पुढे सांगते.

कोड वाचताना

पी०१०२ आणि पी०१०३ हे विजेचे कोड आहेत: सिग्नल हवा त्यापेक्षा खाली किंवा वर. पी०१०० सर्किटचा, पी०१०४ मधूनच तुटणाऱ्या सिग्नलचा. यापैकी काही आलं तर कपलर, वायर, फ्यूज, अर्थ, या क्रमाने जा. पी०१०१ वेगळा आहे. तो म्हणतो, ‘सिग्नल येतोय, पण मला पटत नाही.’ ईसीयूने बाकीच्या आकड्यांवरून हवेचा अंदाज केला आणि सेन्सर वेगळंच बोलला. चूक कोणाची ते कोड सांगत नाही. सेन्सरची असेल, फाटलेल्या होसची असेल, अडकलेल्या ईजीआरची असेल. पी०४०१, पी०४०२ (ईजीआर कमी, ईजीआर जास्त) किंवा पी०२९९ (बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, कमी) सोबत दिसला तर मी सेन्सरकडे शेवटी जाते.

आत येणाऱ्या हवेचं तापमानही लगेच बघा, कारण तापमानाचा सेन्सर बहुधा याच कपलरमध्ये असतो. गाडी भर उन्हात उभी आहे आणि स्क्रीनवर उणे ४० दिसतंय, म्हणजे ते सर्किट तुटलंय: कपलर नीट बसला नाही, पिन मागे सरकली किंवा वायर कापली गेली. हे बघायला अर्धा मिनिट लागतो.

वायर कापली गेली म्हणजे आमच्या भागात शंभरात नव्वद वेळा उंदीर. गोठ्याजवळ किंवा उसाच्या फडाकडेला उभ्या राहणाऱ्या गाड्यांत तो फिल्टर बॉक्सच्या आसपास घर करतो. उबदार जागा, फिल्टरचा कागद आयता. एका बॉक्समधून आम्ही शेंगांची टरफलं, सुतळी आणि फिल्टरचे तुकडे असा अख्खा संसार काढला होता, आणि सेन्सर मात्र ठणठणीत.

तेव्हा झाकण उघडाच. फिल्टरची रबरी कड सगळीकडून बसली आहे का, बॉक्सच्या स्वच्छ बाजूला बोट फिरवलं तर माती लागते का, ते बघा. लाल माती लागली तर हवा फिल्टरला वळसा घालून येत्येय, आणि नवीन सेन्सरही सहा महिन्यांत त्याच वाटेने जाणार. स्वस्तातले लोकल फिल्टर इथे दगा देतात. कागद बरा असतो, कड पातळ असते. तेल लावून वापरायचे धुण्याजोगे फिल्टर असतात, त्यांत तेल जास्त झालं की ते उडून फिल्मवर बसतं. पोरांना त्या फिल्टरचा आवाज आवडतो. आवडू दे, पण तेल मोजून लावा.

मग सेन्सरपासून टर्बोपर्यंतचा रबरी होस. वरून नव्हे, खालून. घड्या असलेला होस बहुतेक वेळा घडीच्या तळाशी, टर्बोच्या तोंडाजवळ चिरतो, आणि तिथे वरून नजर पोचत नाही. काढून उजेडात वाकवून बघा. त्यानंतर टर्बो ते इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा निववणारा), इंटरकूलर ते इनटेक. तिकडे तेलकट काळा डाग दिसला की तिथून बूस्ट निसटतंय.

या दोन गळत्यांचा परिणाम उलटा असतो, आणि तो फरक कळला की अर्धं निदान झालं. सेन्सर आणि टर्बोच्या मध्ये गळती असेल, तर टर्बो तिथून न मोजलेली हवा ओढतो. सेन्सर कमी सांगतो, इंजिनात मात्र हवा पोचलेली असते. टर्बोच्या पुढे गळती असेल, तर मोजलेली हवा वाटेतच सांडते; सेन्सर बरोबर सांगतो, इंजिनाला ती मिळत नाही, आणि मिळाली असं समजून ईसीयू डिझेल सोडतो. दुसऱ्या प्रकारात काळा धूर आणि पाय दाबल्यावर शिट्टी.

कपलरवरची मापं

हे लवकर उरकतं. गाडीचा वायरिंग डायग्राम समोर ठेवा. पिनांचे नंबर अंदाजाने धरू नका. चावी ऑन, इंजिन बंद: सप्लायच्या पिनला बॅटरीएवढं व्होल्टेज हवं. मग इंजिन चालू करून, कपलर लावलेलाच ठेवून, मागून बारीक पिन घालून अर्थ तपासा: मल्टीमीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल सेन्सरच्या अर्थला. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ कुठेतरी खराब आहे. कपलर काढून ओहममध्ये अर्थ तपासला तर तो चांगलाच दिसेल. एका धाग्यावर लटकलेली वायरसुद्धा ओहममध्ये पास होते.

सिग्नलचं मात्र जपून. बॉशचा जुना पाच पिनांचा अ‍ॅनालॉग प्रकार असेल, तर चावी ऑन, इंजिन बंद, हवा स्थिर असताना सिग्नल १ व्होल्टच्या अगदी जवळ हवा. तिथेच तो वर सरकलेला असेल तर सेन्सर म्हातारा झालाय. रेस दिल्यावर तो न अडखळता चढायला हवा. नवीन गाड्यांतले सेन्सर बहुतेक डिजिटल असतात आणि हवेचा आकडा फ्रिक्वेन्सीत पाठवतात. त्यावर डीसी व्होल्ट लावले तर मीटर अडीच व्होल्टच्या आसपास काहीतरी सरासरी दाखवतो आणि रेस दिली तरी फारसा हलत नाही. ‘सिग्नल अडकलाय’ म्हणून चांगला सेन्सर फेकला जातो तो इथे. मीटर हर्ट्‌झवर घ्या.

इंजिन चालू असताना वायरचा जुडगा हलवत स्क्रीनवरचा आकडा बघणं, ही जुनी युक्ती अजूनही सगळ्यात जास्त दोष पकडते.

ईजीआर बंद करून हिशेब

आता मुख्य काम. आयडलला (गाडी उभी, पाय न दाबता इंजिन चालू) सेन्सर ५ ग्रॅम प्रति सेकंद दाखवतोय. बरोबर की चूक? ईजीआर किती उघडा आहे ते माहीत नसेल तर या प्रश्नाला उत्तरच नाही. उघडा असेल तर ५ योग्य असेल, मिटलेला असेल तर ५ म्हणजे गडबड. ‘अमुक गाडीला इतकं रीडिंग पाहिजे’ असे जे आकडे मोबाइलवर एकमेकांना पाठवले जातात, त्यांत ही गोष्ट लिहिलेली नसते, म्हणून ते निरुपयोगी.

तेव्हा ईजीआर मिटवा. स्कॅनरमध्ये अ‍ॅक्चुएटर टेस्ट असेल तर ती वापरा. व्हॅक्यूमवर चालणारा असेल तर त्याची नळी काढून बूच लावा. इलेक्ट्रिक असेल तर कपलर काढा. कोड येईल, तो नंतर पुसायचा. काही गाड्या बराच वेळ आयडलला उभ्या राहिल्या की ईजीआर आपणहून मिटवतात. हवेचा आकडा एकदम उडी मारून वर जातो. ती आयती टेस्ट आहे, डोळा ठेवा. व्हॉल्व्ह काजळीने उघडा अडकला असेल तर वरच्या कशानेच मिटणार नाही. मग तपासणीपुरती पत्र्याची पट्टी मधे घाला. तपासणीपुरतीच. ती कायमची ठोकून ‘बघा पिकअप’ म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. गाडीचा धूर-प्रदूषणाचा सगळा हिशेब मोडून मिळवलेलं ते पिकअप आहे, आणि पुढच्या माणसाला निदान करता येऊ नये याची सोयसुद्धा.

ईजीआर मिटला की इंजिन म्हणजे ठरावीक मापाचा पंप उरतो. चार स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या लिटरएवढी हवा आत घेतं. तेव्हा:

दर सेकंदाला लिटर = इंजिनचे लिटर × आरपीएम ÷ १२०.

एका लिटर हवेचं वजन ग्रॅममध्ये = ३.४८ × प्रेशर (किलोपास्कल) ÷ (तापमान + २७३).

दोन्हींचा गुणाकार करा आणि सिलिंडर पूर्ण भरत नाहीत म्हणून ०.८५ ते ०.९ ने गुणा. आलेला आकडा म्हणजे सेन्सरने दाखवायला हवं ते.

मारुतीच्या स्विफ्ट डीडीआयएस या डिझेलचं उदाहरण घेऊ. १२४८ सीसी, हे इंजिन आपल्याकडे कितीतरी गाड्यांत आहे. आयडल ८५०. १.२४८ × ८५० ÷ १२० म्हणजे ८.८४ लिटर. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटर उंच, इथलं हवेचं प्रेशर ९४-९५ किलोपास्कल. इनटेकचं तापमान ४० धरा. ३.४८ × ९४.५ ÷ ३१३ म्हणजे १.०५ ग्रॅम. गुणाकार ९.२८, त्याचे ८५ ते ९० टक्के म्हणजे ७.९ ते ८.४ ग्रॅम प्रति सेकंद. स्कॅनर मिलिग्रॅम प्रति स्ट्रोक दाखवत असेल तर तोच आकडा २८० ते २९५च्या आसपास. किलो प्रति तास दाखवत असेल तर ग्रॅमला ३.६ ने गुणा. महिंद्राच्या २१७९ सीसीच्या एमहॉक इंजिनाला याच आयडलला साधारण १४ ग्रॅम येतील.

ईजीआर मिटवल्यावर आकडा ५ वरून ८ वर गेला, तर सेन्सर खालच्या टोकाला तरी खरं बोलतोय आणि ईजीआरही उघड-मिट करतोय. ५ वरच राहिला तर लगेच सेन्सरवर नाव घालू नका. व्हॉल्व्ह खरंच मिटला का ते पट्टी घालून बघा. बऱ्याच डिझेल इंजिनांतही इनटेकच्या तोंडाशी एक फ्लॅप असतो, गाडी बंद करताना आणि डीपीएफमधली काजळी जाळताना (रीजनरेशन) तो मिटतो. तो अर्धवट अडकला तरी हवा खरोखरच कमी येते. डीपीएफ रीजनरेशन चालू असताना तर हे काहीच मोजू नका, सगळे आकडे वेगळे असतात.

प्रेशरचा आकडा ज्याच्याकडून घेताय तो मॅप सेन्सर (इनटेकमधलं प्रेशर मोजणारा) स्वतः खरा आहे का? चावी ऑन, इंजिन बंद, तेव्हा त्याने बाहेरच्या हवेचं प्रेशर दाखवलं पाहिजे. कोल्हापुरात ९४-९५, रत्नागिरीत १००-१०१, महाबळेश्वरला ८६च्या आसपास. कोल्हापुरात उभ्या गाडीत तो १०२ म्हणत असेल तर पुढचा हिशेब त्याच्या भरवशावर करू नका. रत्नागिरीहून येणारे लोक ‘खाली गाडी बरी पळते, वर आली की मंद होते’ म्हणतात, त्यात सहा-सात टक्क्यांची घट निव्वळ विरळ हवेची असते. बाकीचं शोधायचं.

रस्त्यावर नेल्याशिवाय निकाल नाही

आयडलला खरं बोलणारा सेन्सर लोडला खोटं बोलू शकतो, आणि धुळीने माखलेला तर नेमकं तेच करतो. कमी हवेत फरक कळत नाही. हवा वाढली की फिल्मवरचा थर तिची थंडी आत पोचू देत नाही आणि आकडा मागे पडत जातो. जागेवर रेस देऊन हे दिसत नाही, लोड लागतो.

दादा चालवतो, मी मागे लॅपटॉप घेऊन बसते. चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचं नाही, हा आमचा नियम. मोकळा रस्ता, तिसरा गियर, १५०० आरपीएमपासून फुल पाय, ३५००पर्यंत. रेकॉर्डिंगला फक्त आरपीएम, हवेचा आकडा, मॅप प्रेशर, इनटेकचं तापमान आणि ईजीआरची कमांड लावायची. जास्त गोष्टी लावल्या की स्वस्त स्कॅनर सावकाश वाचतो आणि आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. फुल पाय असताना ईजीआर तसाही मिटलेला असतो.

मग एक ओळ निवडून तोच हिशेब. त्याच १.२४८ लिटरला ३००० आरपीएमला ३१.२ लिटर, मॅप २०० किलोपास्कल, इनटेक मॅनिफोल्डचं तापमान ५० असेल तर एक लिटर हवा २.१५ ग्रॅमची, ९० टक्के धरून साधारण ६० ग्रॅम प्रति सेकंद. तापमान मॅनिफोल्डचं घ्या, सेन्सरजवळचं नको. टर्बोने दाबलेली हवा तापलेली असते आणि हिशेब फसतो.

आता सेन्सरचा आकडा आणि मॅपवरून काढलेला आकडा शेजारी ठेवा. दोन्ही जुळले आणि दोन्ही चांगले, तर हवेचा विषय संपला. डिझेल फिल्टर, रेल प्रेशर, इंजेक्टरकडे जा. दोन्ही जुळले पण दोन्ही कमी, म्हणजे ३००० ला ६० यायला हवेत आणि मॅपचा हिशेबही ४०च म्हणतोय, सेन्सरही ४०: सेन्सर खरा आहे, हवा खरंच कमी येत्येय. चोंदलेला फिल्टर, टर्बोच्या अडकलेल्या पात्या, व्हॅक्यूमची फुटकी नळी, चोंदलेला कॅट (एक्झॉस्टमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) किंवा डीपीएफ. मॅपच्या हिशेबाने ६० आणि सेन्सर म्हणतो ४०: एकतर सेन्सर मळलाय किंवा त्याच्या पुढे, टर्बोच्या आधी, होस फाटलाय. सेन्सर ६०-६५ आणि मॅपचा हिशेब ४५: हवा वाटेत सांडत्येय, इंटरकूलर आणि त्याचे होस. पाच-सात टक्क्यांचा फरक सोडून द्या, आपला ०.९ हा अंदाजच आहे. पंधरा टक्क्यांपुढे गेला की कारण असतं.

एक छोटी हॅचबॅक आली होती, संगमेश्वरकडची. दुसऱ्या गॅरेजात सेन्सर नवा टाकलेला, पी०१०१ पुन्हा पुन्हा. मालक वैतागलेले: ‘ताई, आता तुम्ही पण सेन्सरच सांगणार असाल तर चहा पिऊन जातो.’ आयडलला ईजीआर मिटवून आकडा जवळजवळ बरोबर. रस्त्यावर मॅपचा हिशेब ५७, सेन्सर ४१. नव्या सेन्सरचा आकडा इतका मागे पडायचं कारण नव्हतं. दादाने खालून हात घालून होस काढला तर तळाच्या घडीत वीतभर चीर. जागेवर इंजिन उभं असताना ती मिटलेली राहायची. लोडला इंजिन कलायचं आणि टर्बोची ओढ वाढायची की तोंड उघडायचं. होस बदलला, त्याच रस्त्यावर आकडे जुळले. जुना सेन्सर त्यांनी डिकीत ठेवला होता, तो लावून बघितला. तोही बरोबर दाखवत होता.

‘कपलर काढून बघ’ या टेस्टबद्दलही इथेच लिहिते, कारण सगळे तीच करतात. कपलर काढल्यावर गाडी पळायला लागली, म्हणजे सेन्सर खराब, असं मानतात. कपलर काढला की ईसीयू मनातला ठरावीक आकडा वापरतो आणि ईजीआर मिटवून टाकतो. म्हणजे ईजीआर नको तेव्हा उघडत असलेली गाडीसुद्धा कपलर काढल्यावर बरी पळते, आणि होस फाटलेलीही. तिन्ही रोगांना एकच उत्तर देणारी टेस्ट आहे ही. फरक पडला तर पुढे तपासायचं, एवढाच तिचा अर्थ.

साफ करायचा की बदलायचा

आकडे सेन्सरकडेच बोट दाखवत असतील तर आधी साफ करून बघा. तो काढायला बहुधा दोन टॉर्क्स स्क्रू असतात, काही ठिकाणी मधे खिळा असलेले. एअर फ्लो सेन्सरसाठीच मिळणारा स्प्रे वापरा, नाहीतर मागे काही न ठेवता उडून जाणारा इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनर. कार्ब क्लीनर, ब्रेक क्लीनर, पेट्रोल नको. प्लास्टिक आणि फिल्मवरचं आवरण खातात. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, फिल्म फुटते. कानकोरणीचा कापूस, ब्रश, बोट, काही लावायचं नाही. लांबून स्प्रे, पूर्ण वाळू द्या, मग चावी. नुसती धूळ असेल तर आकडे पुष्कळदा सुधारतात. तेल भाजून चिकटलं असेल किंवा फिल्म झिजली असेल तर नाही, आणि तेव्हा दोन-तीनदा स्प्रे मारत बसू नका.

तेल आलं कुठून ते मात्र शोधा. क्रॅंककेसची (इंजिनच्या खालच्या, ऑइलच्या भागातली) वाफ सेन्सर आणि टर्बोच्या मधल्या पाइपात सोडलेली असते. ब्रीदरचा (वाफेतून तेल वेगळं करणारा) सेपरेटर गेला किंवा ऑइल जास्त भरलं की गरम गाडी बंद केल्यावर ती वाफ मागे सरकून फिल्मवर बसते. ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपुढे असलेल्या गाड्या आमच्याकडे दर आठवड्याला येतात. ‘थोडं जास्त असलेलं बरं’ असं सर्व्हिस करणाऱ्यानेच सांगितलेलं असतं.

नवीन घेताना पार्ट नंबर जुन्या सेन्सरवरून जुळवून घ्या, नुसतं गाडीचं नाव सांगून नको. त्याच मॉडेलच्या दोन सालांत एक अ‍ॅनालॉग आणि एक डिजिटल असू शकतो, कपलर सारखाच बसतो आणि आकडे मात्र भलतेच येतात. ब्रँडेड डब्यातला डुप्लिकेट माल भरपूर आहे. आयडलला तो ठीक असतो, ३००० आरपीएमला उघडा पडतो. म्हणून दुकानदाराशी आधीच बोलून ठेवा की रस्त्यावर तपासून मग पक्कं करू. हवेचा बाण टर्बोकडे, रबरी रिंग जागेवर, आणि फिल्टर नवा.

काही गाड्यांत ईसीयूने जुन्या सेन्सरचं खोटं हळूहळू शिकून घेतलेलं असतं; स्कॅनरमध्ये एअर मास अ‍ॅडॅप्टेशन रीसेट असेल तर ते करा, नाहीतर नवा सेन्सर खरं बोलूनही गाडी काही दिवस रुसलेली राहते. कोड पुसा, तपासणीसाठी काढलेला ईजीआरचा कपलर परत लावा, पट्टी घातली असेल तर काढा. मग तोच रस्ता, तोच गियर, तीच नोंद. मी दोन्ही वेळचे आकडे जॉबकार्डच्या मागे लिहून त्याचा फोटो मालकांना पाठवते. पुढच्या वेळी गाडी कुठेही गेली तरी त्या इंजिनचे चांगल्या दिवसातले आकडे त्यांच्या फोनमध्ये असतात.